जखमी अग्निशामकाचे घटनास्थळीच प्राणरक्षण : नांदेड-लातूर परिसराच्या संदर्भात

अग्निशमनाचा विचार करताना आग, तिच्यात सापडलेली माणसे आणि जळणारी मालमत्ता या तीन गोष्टी आपल्या दृष्टीपुढे येतात. या तिन्हींच्या मध्ये उभा राहणारा अग्निशामकच जर घटनास्थळी कोसळला, तर त्याला कोणी, कसे आणि किती वेळात वाचवावयाचे, हा प्रश्न मात्र बहुधा त्या प्रसंगावर सोडला जातो. वस्तुतः तो तसा सोडण्याजोगा नाही. ज्या अवधीत त्याचे उत्तर द्यावयाचे असते तो चार-पाच मिनिटांचा असतो, आणि तेवढ्यात नव्याने विचार करून निर्णय घेणे कोणासही शक्य नसते. या अवधीचे शरीरशास्त्र समजावून देणे, त्यात करावयाच्या कृतींची संगती लावणे, आणि नांदेड व लातूर या जिल्ह्यांतील अंतरे, हवामान व उद्योग पाहता ही जबाबदारी रुग्णालयाच्या आधी खुद्द अग्निशमन तुकडीवरच कशी येऊन पडते हे दाखविणे, असा प्रस्तुत लेखाचा त्रिविध हेतू आहे.

मृत्यूचे तीन मार्ग

मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत १४ एप्रिल १९४४ रोजी 'फोर्ट स्टिकिन' या जहाजास आग लागली. जहाजावर स्फोटके आणि कापसाच्या हजारो गाठी एकत्रच भरलेल्या होत्या. आग विझविण्याचे काम चालू असतानाच दुपारी चारच्या सुमारास पहिला आणि सुमारे अर्ध्या तासाने दुसरा स्फोट झाला. मुंबई अग्निशमन दलाचे ६६ जवान त्यात कामी आले. त्यांच्या स्मरणार्थ १४ एप्रिल हा दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो आणि २० एप्रिलपर्यंत सप्ताह साजरा होतो. अशा स्फोटात प्रथमोपचारास फारसा वाव उरत नाही. त्यामुळे अग्निशामकाचा मृत्यू म्हणजे असाच आकस्मिक आणि अटळ मृत्यू, अशी समजूत जनमानसात रूढ झाली असल्यास नवल नाही.

दुसरी घटना ९ मे २०१५ ची. मुंबईच्या काळबादेवी भागातील 'गोकुळ निवास' या जुन्या इमारतीस लागलेली आग विझविताना इमारत कोसळली आणि अग्निशमन दलाचे चार अधिकारी प्राणास मुकले. त्यांपैकी दोघे ढिगाऱ्याखाली गाडले गेले. दोघे गंभीर भाजून पुढे रुग्णालयात निवर्तले. एकाच आगीत मृत्यूचे दोन भिन्न मार्ग येथे दिसतात : एक आघाताचा, दुसरा उष्णतेचा. पहिल्यात मिनिटांचा हिशेब असतो, दुसऱ्यात दिवसांचा; परंतु दुसऱ्यातही पहिल्या अर्ध्या तासातील उपचारांवर पुष्कळ काही अवलंबून असते.

तिसरा मार्ग हृदयाचा. तो बाहेरून दिसत नाही, म्हणून त्याकडे दुर्लक्ष होते. अमेरिकेत १९९४ ते २००४ या काळात कर्तव्यावर झालेल्या अग्निशामकांच्या मृत्यूंचा एक अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. तेथे कर्तव्यावरील मृत्यूंपैकी सुमारे ४५ टक्के मृत्यू हृदयविकाराने होतात. या हृदयविकाराच्या मृत्यूंपैकी ३२ टक्के प्रत्यक्ष आग विझविताना घडले होते. आणि आग विझविण्याच्या कामात मात्र अग्निशामकाचा वर्षातील केवळ १ ते ५ टक्के वेळ जातो. या दोन आकड्यांतील तफावत हाच त्या अभ्यासाचा सारांश होय. आपल्याकडे या बाबीस आणखी एक पदर आहे. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका बहुराष्ट्रीय अभ्यासानुसार दक्षिण आशियातील लोकांना पहिला हृदयविकाराचा झटका सरासरीने ५३ व्या वर्षी येतो, तर इतर देशांत हे वय सुमारे ५९ आहे. म्हणजेच आपल्याकडील माणूस सेवेत असतानाच या धोक्याच्या वयात पोहोचतो.

हृदय का थांबते

वीस किलोग्रॅमहून अधिक वजनाचा पोशाख व श्वसनयंत्र अंगावर घेऊन जिना चढणाऱ्या माणसाच्या हृदयाची गती अल्पावधीतच तिच्या कमाल मर्यादेजवळ जाते. अंगातून घाम जातो, रक्त दाट होते, आणि जाड पोशाखामुळे उष्णता बाहेर पडू शकत नाही. हृदयाच्या रक्तवाहिन्यांत आधीच अडथळा असेल तर अशा वेळी हृदयाचे आकुंचन विस्कळीत होऊन त्याचे निव्वळ कंपन सुरू होते आणि रक्ताभिसरण थांबते.

धुराचा परिणाम याहून निराळा आहे. कार्बन मोनॉक्साइड हा वायू रक्तातील हिमोग्लोबिनशी प्राणवायूच्या तुलनेत दोनशेहून अधिक पट घट्टपणे जोडला जातो. त्यामुळे फुप्फुसांत हवा जात असूनही शरीराची उपासमार होते. बोटाला लावावयाचे साधे प्राणवायुमापक अशा वेळी फसवते, कारण हिमोग्लोबिनशी प्राणवायू जोडला आहे की हा विषारी वायू, हा भेद त्याला ओळखता येत नाही. धुरातून बाहेर काढलेल्या माणसाचे मापन ९८ दाखवीत असले, तरी तो सुखरूप आहे असे मानू नये. साध्या हवेत या वायूचे रक्तातील प्रमाण निम्मे व्हावयास चार-पाच तास लागतात. शुद्ध प्राणवायू दिल्यास तेच काम सुमारे तास-दीड तासात होते.

जळणाऱ्या वस्तूचाही येथे संबंध येतो. नांदेड परिसरातील जिनिंग-प्रेसिंग कारखान्यांतील कापसाची गाठ आतून धुमसते. वर ज्वाला दिसत नसली तरी अपुऱ्या ज्वलनामुळे कार्बन मोनॉक्साइड निर्माण होत राहतो. फर्निचरच्या दुकानातील फोम, नायलॉन, लोकर व रेशीम यांत नत्र असल्यामुळे त्यांच्या धुरात हायड्रोजन सायनाइडही सापडतो. तो पेशींना प्राणवायू वापरूच देत नाही. त्यावर हायड्रॉक्सोकोबालमिन हे औषध शिरेतून देतात. प्रौढास सुरुवातीची मात्रा ५ ग्रॅम असते. काय जळत होते, हे रुग्णाबरोबर वैद्यांपर्यंत पोहोचणे म्हणूनच निकडीचे असते.

पुनरुज्जीवनाची पद्धती आणि तिचा इतिहास

बंद पडलेले हृदय छाती न उघडता केवळ बाहेरून दाब देऊन चालते ठेवता येते, हा शोध १९६० मध्ये बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील कौवेनहोव्हेन, ज्यूड व निकरबॉकर या तिघांनी प्रसिद्ध केला. कौवेनहोव्हेन हे विद्युत्-अभियंते होते. विजेच्या तारांवर काम करताना धक्का बसून मरणाऱ्या कामगारांस कसे वाचवावे, या प्रश्नातून त्यांचे संशोधन सुरू झाले होते. तोंडाने तोंडात श्वास भरण्याची पद्धत त्यापूर्वीच एलम व सफार यांनी शास्त्रशुद्ध पायावर उभी केली होती. या दोहोंच्या संयोगातून आजची सी. पी. आर. पद्धती सिद्ध झाली. ती प्रारंभी ज्यांना शिकविण्यात आली त्यांत बाल्टिमोर शहराच्या अग्निशमन दलाची रुग्णवाहिका-पथके होती. तेव्हा धोक्याच्या कामातील सहकाऱ्याने सहकाऱ्यास वाचवावे हा विचार या पद्धतीच्या मुळाशीच आहे, तो मागाहून जोडलेला नाही.

आजची रीत अशी. उरोस्थीच्या खालच्या अर्ध्या भागावर दोन्ही हातांनी मिनिटास १०० ते १२० या गतीने किमान ५ सेंटिमीटर दाब द्यावा. तो ६ सेंटिमीटरच्या पुढे जाऊ नये. प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ववत् होऊ द्यावी. ३० दाबांमागे २ श्वास द्यावेत. दर दोन मिनिटांनी दाब देणारा बदलावा, कारण थकव्याने दाबाची खोली कमी होते आणि हे ज्याचे त्याला कळत नाही. हृदयाचे कंपन चालू असेल तर ते विद्युत्-धक्का देणाऱ्या यंत्रानेच थांबते. कंपन सुरू झाल्यानंतर काहीच केले नाही तर जगण्याची शक्यता दर मिनिटाला ७ ते १० टक्क्यांनी घटते. दाब चालू असतील तर ही घट सुमारे ३ ते ४ टक्क्यांवर येते.

येथे एक भेद स्पष्ट केला पाहिजे. अप्रशिक्षित नागरिकांसाठी भारतात केवळ छातीवरील दाबांची सुलभ पद्धत शिकविली जाते आणि अकस्मात् कोसळलेल्या हृदयरुग्णासाठी ती योग्यच आहे. कारण त्याच्या रक्तात काही मिनिटे पुरेल इतका प्राणवायू असतो. धुराने गुदमरलेल्या माणसाच्या रक्तातील प्राणवायू आधीच संपलेला असतो. त्याला दाबाबरोबर श्वासही मिळालाच पाहिजे. विषारी धुराचा संशय असल्यामुळे हा श्वास तोंडाने न देता मुखपट्टी व फुगा यांच्या साहाय्याने आणि प्राणवायू जोडून द्यावा. म्हणून बंबावर ही दोन साधने असणे ही चैन नव्हे. मात्र प्राणवायूचे नळकांडे ज्वालेपासून व ठिणग्यांपासून दूरच ठेवावे लागते.

पोशाखाची अडचण

रस्त्यावर कोसळलेला माणूस आणि कोसळलेला अग्निशामक यांत मोठा फरक पोशाखाचा आहे. पाठीवर हवेचे नळकांडे असल्यामुळे तो धड उताणा राहत नाही. छातीवर पट्टे असतात, जाड कोटावरून दिलेला दाब पुरेसा खोल जात नाही, आणि मुखवट्यामुळे तो श्वास घेतो आहे की नाही हे दिसत नाही. आचका देत घेतलेला तुटक श्वास म्हणजे श्वसन नव्हे, हेही येथे ध्यानात ठेवावयास हवे. 'आधी सर्व काढू, मग दाब देऊ' असे म्हटले तर दोन-तीन मौल्यवान मिनिटे जातात. 'आहे तसाच दाब देत राहू' असे म्हटले तर तो निष्फळ ठरण्याचा संभव असतो. यावर उपाय एकच : दोन्ही कामे एकाच वेळी चालली पाहिजेत. अमेरिकेतील उत्तर कॅरोलिना राज्यात लेलँड येथील अग्निशमन दलाने याची एक पद्धतशीर कवायत बसविली आणि पुढे ती अन्यत्रही स्वीकारली गेली.

तिच्यातील तत्त्व आपल्या तुकडीस लावून पाहू. प्रथम जखमीस धूर आणि पडझडीच्या कक्षेबाहेर आणावयाचे. त्यासाठी श्वसनयंत्राचे खांद्यावरील पट्टे धरून ओढणे सोयीचे पडते. श्वसनयंत्राविना त्याच्यासाठी आत धावणारा मित्र बहुधा दुसरा जखमी होतो, हे येथे आवर्जून सांगितले पाहिजे. बाहेर येताच दहा सेकंदांत श्वास व प्रतिसाद पाहून निर्णय घ्यावयाचा. एकाने लगेच कोटावरूनच दाब सुरू करावयाचे. दुसऱ्याने डोक्याशी बसून मान स्थिर ठेवीत शिरस्त्राण व मुखवटा काढावयाचा आणि श्वासमार्ग मोकळा करावयाचा. तिसऱ्याने कमरेचा व छातीचा पट्टा, मग कोटाची बंदे मोकळी करावयाची. सर्व सैल झाले की हात डोक्यावर नेऊन कोट व यंत्र एकाच ओढीत डोक्याच्या बाजूने काढून घ्यावयाचे. दाब थांबतात ते तेवढ्याच सेकंदांपुरते. मग उघड्या छातीवर दाब, फुग्याने श्वास, आणि यंत्र असल्यास विद्युत्-धक्का. घाम व नळीचे पाणी यांनी भिजलेली छाती यंत्राच्या पट्ट्या चिकटविण्यापूर्वी पुसलीच पाहिजे, आणि जखमी पाण्याच्या डबक्यात पडलेला असता कामा नये.

आघाताने कोसळलेल्याच्या बाबतीत यात आणखी भर पडते. हातापायातून वेगाने रक्त वाहत असेल तर ते घट्ट दाबून किंवा रक्तबंध बांधून थांबविल्याशिवाय छातीवरील दाबांचा उपयोग नाही. रिकाम्या होत चाललेल्या रक्तवाहिन्यांत हृदय काय फिरविणार?

भाजणे आणि उष्माघात

श्वास चालू असलेल्या भाजलेल्या जखमीस स्वच्छ वाहत्या पाण्याखाली सुमारे वीस मिनिटे धरणे हा पहिला उपचार होय. टूथपेस्ट, शाई, हळद असे काही लावू नये. त्याने दाह शमत नाही आणि वैद्याला जखमेची खोली पाहता येत नाही. आवाज घोगरा होणे, थुंकीत काजळी येणे, नाकातील केस करपणे ही श्वासमार्ग भाजल्याची चिन्हे होत. असा माणूस बोलत-चालत असला तरी काही तासांत सूज येऊन त्याचा श्वासमार्ग बंद पडू शकतो. म्हणून त्याला सर्वांत आधी हलवावे.

उष्माघातात क्रम उलटा आहे. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४० अंशांच्या वर जातो. त्यात ज्वालेची धग आणि जाड कोट यांची भर पडली की शरीराचे आतील तापमान ४० अंश ओलांडते. माणूस असंबद्ध बोलू लागतो, अडखळतो आणि कोसळतो. अशा वेळी आधी थंड करावे, मग हलवावे. पोशाख उतरवून ताडपत्रीचा खोलगट झोळ धरावा, त्यात पाणी भरून जखमीस मानेपर्यंत ठेवावे आणि पाणी हलवीत राहावे. मिळाल्यास बर्फ घालावा. या रोगाचे औषध बंबाच्या टाकीतच भरलेले असते. ज्या लातूरला २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तेथे टाकीतील पाणी आगीसाठी की माणसासाठी असा पेच उन्हाळ्यात पडू शकेल. त्याचे उत्तर आधीच लिहून ठेवलेले असावे, आणि ते माणसाच्या बाजूने असावे.

अंतर आणि मनुष्यबळ

महाराष्ट्रात '१०८' ही आपत्कालीन वैद्यकीय सेवा २०१४ मध्ये ९३७ रुग्णवाहिकांनिशी सुरू झाली. त्यांपैकी २३३ प्रगत उपचारांच्या, तर ७०४ प्राथमिक उपचारांच्या होत्या. ही सेवा मोलाची आहे यात शंका नाही. परंतु नांदेड जिल्ह्याचे क्षेत्रफळ १०,५०० चौरस किलोमीटरांच्या वर, तर लातूरचे ७,१०० च्या वर आहे. किनवट व माहूर नांदेडपासून शंभराहून अधिक किलोमीटरांवर, तर उदगीर लातूरपासून साठाहून अधिक किलोमीटरांवर आहे. नांदेडचे डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९८८ पासून, तर लातूरची विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था २००२ पासून या भागास लाभलेली आहे; वाटेत ग्रामीण व उपजिल्हा रुग्णालयेही आहेत. तथापि यांपैकी कोणतेही साधन पहिल्या चार मिनिटांत हजर होणे शक्य नाही. त्या चार मिनिटांत हजर असते ती बंबावरची तुकडी.

खरा पेच येथेच आहे. एका बंबावर साधारणतः पाच-सहा जण असतात. त्यांतील एक कोसळला आणि तिघे त्याच्याभोवती बसले, तर आगीपुढे एक-दोघेच उरतात. आत आणखी कोणी अडकले असेल तर तुकडीच्या प्रमुखाने काय करावे? या प्रश्नाचे सर्वकाळ लागू पडणारे उत्तर नाही. परंतु काही गोष्टी आधी ठरविता येतात. जवान कोसळल्याचे कळताच एकाच संदेशात दुसरा बंब आणि रुग्णवाहिका मागवावी. आत अडकलेल्यांची खात्रीलायक वार्ता नसेल तर आतील काम थांबवून बाहेरून पाण्याचा मारा चालू ठेवावा. मालमत्तेसाठी पुनरुज्जीवन थांबवू नये. प्रत्येक पाळीच्या आरंभी कोण छातीशी, कोण डोक्याशी व कोण पट्ट्यांशी हे नावानिशी ठरलेले असावे. ज्याच्याबरोबर सकाळी चहा घेतला त्याच्या छातीवर दाब देण्याची वेळ येते तेव्हा मन चालत नाही. अंगवळणी पडलेली कृतीच चालते.

रुग्णवाहिका आल्यावर चार गोष्टी सांगावयास हव्यात : कोसळल्याची वेळ, दाब सुरू केल्याची वेळ, दिलेल्या विद्युत्-धक्क्यांची संख्या आणि काय जळत होते ते. या चार गोष्टी एका कागदावर लिहिण्याइतके काम शेजारचा नागरिकही करू शकतो.

कोसळण्यापूर्वीची काळजीही याच विषयाचा भाग होय. हवेचे दुसरे नळकांडे संपले की सक्तीची विश्रांती, कोट काढून सावलीत बसणे, पाणी पिणे, नाडी पाहणे. आणि वर्षातून एकदा रक्तदाब, मधुमेह व हृदयाची तपासणी. छातीत दुखते आहे असे सांगणाऱ्या जवानास भित्रा ठरविण्याची वृत्ती जोवर तुकडीत आहे, तोवर या तपासणीचा पुरा लाभ मिळणार नाही.

अभ्यासास योग्य असे काही प्रश्न

पदव्युत्तर विद्यार्थ्यांस या विषयात पुष्कळ काम करण्याजोगे आहे, आणि त्यासाठी महागडी साधने लागत नाहीत. आपल्या दलांत वापरात असलेला पोशाख व श्वसनयंत्र उतरविण्यास तीन जणांस किती सेकंद लागतात, आणि सरावाने त्यांत किती घट होते? मे महिन्याच्या दुपारी, नळीवर वीस मिनिटे काम केल्यानंतर त्याच जवानाने पुतळ्यावर दिलेल्या दाबांची खोली किती मिनिटे टिकते? शिकविलेले कौशल्य काही महिन्यांतच मंदावते हे इतरत्र दिसून आले आहे. मग दर पाळीस दोन मिनिटांचा सराव आणि वर्षातून एकदा दिवसभराचे शिबिर, यांत आपल्या परिस्थितीत अधिक फलदायी कोणते? घटनेच्या नोंदवहीत जवानास झालेल्या इजेची वेळ आणि पहिल्या उपचाराची वेळ असे दोन रकाने घातले, तर पाच वर्षांत कोणते चित्र दिसेल? वैद्यकीय महाविद्यालये, महानगरपालिकांची व नगरपालिकांची अग्निशमन दले आणि विद्यापीठाचे विभाग यांनी एकत्र येऊन हे प्रश्न हाती घेतले, तर त्यांची उत्तरे कार्यालयीन अहवालात पडून न राहता बंबावर पोहोचू शकतील.

सारांश, जखमी अग्निशामकास रुग्णालयात पोहोचविणे हा उपचाराचा आरंभ नसून पुढचा टप्पा होय. आरंभ त्याच्या सहकाऱ्याच्या दोन हातांनी, भर रस्त्यात, कोटाचे पट्टे सुटण्याच्या आधीच झाला पाहिजे. त्या हातांस शिक्षण देणे, सराव देणे आणि त्यांच्या जवळ फुगा, मुखपट्टी, प्राणवायू व विद्युत्-धक्क्याचे यंत्र ठेवणे, एवढे समाजाने केले पाहिजे. आपल्यासाठी आगीत जाणाऱ्या माणसाचे समाजावर एवढे तरी देणे आहेच.